टीगच्या हाताची दांडी

व्हर्लीन टीग आणि डॉर्सी प्रुइट यांच्यातून एकतीस वर्षं विस्तव जात नव्हता. तरी दर महिन्याच्या दुसऱ्या रविवारी दोघंही बेकर्सफिल्डच्या जत्रेच्या मैदानावर जुन्या गाड्यांच्या सुट्या भागांच्या बाजाराला येत, चार ओळींच्या अंतराने आपापली टेबलं मांडत आणि दिवसभर एकमेकांची निंदा करत माल विकत. टीगबाईकडे निघालेल्या गिऱ्हाइकाला प्रुइट सांगायचा, "जा, पण जपून. तिच्या बापाने मला लंगडा केला." प्रुइटकडे निघालेल्याला व्हर्लीन सांगायची, "जा की. त्याच्या मालापेक्षा त्याच्या थापा जास्त चकचकीत असतात." बाजाराला याची इतकी सवय झाली होती, की दोघांपैकी एखादा आला नाही तर लोकांना दिवस अळणी वाटायचा.

व्हर्लीन पन्नाशीची होती. हाडापेराने मोठी, उन्हाने रापलेली, डोक्यावर कुठल्याशा बियाणे कंपनीची टोपी. तिच्या टेबलावर फक्त एकच वस्तू असायची, गिअरच्या दांड्या. जुन्या गाड्या कापून, खाली बसवून, दणकट इंजिनं घालून पळवणारे लोक गाडीच्या रंगावर महिनोन्‌महिने वाद घालतात आणि गिअरची दांडी मात्र हाताला येईल ती लावतात, हे तिचं जुनं दुखणं होतं.

त्या एप्रिलच्या रविवारी सकाळी पहिलंच गिऱ्हाईक तसं निघालं. नव्या बुटातला एक गृहस्थ. त्याने टेबलावरची सगळ्यात लांब, सगळ्यात झळझळीत दांडी उचलली.

"ही माझ्या चौतीस सालच्या फोर्डला शोभेल."

"गिअरबॉक्स कुठला आहे?"

"चार गिअरचा."

"चार गिअरचे शंभर आहेत. सीट एकसंध बाकडं आहे की दोन वेगळ्या?"

"बाकडं. पण ही दिसते किती सुंदर!"

"सुंदर दिसायला पाहिजे असेल तर घरी भिंतीवर लाव. ही सरळ दांडी आहे. बाकड्याच्या सीटला दुसऱ्या गिअरमध्ये टाकलीस की तुझी बोटं सीटच्या कडेवर आपटतील. चौथ्यात टाकलीस की बायकोचा गुडघा फुटेल." तिने त्याच्या हातातून दांडी काढून घेतली आणि पुढे जाऊन मग वर वळणारी एक आखूड दांडी त्याच्यासमोर टाकली. "आधी खालची दोन भोकं बघायची. त्यांच्यातलं अंतर जुळलं नाही तर दांडी बसणारच नाही. मग वरचे आटे बघायचे, जाडे की बारीक, म्हणजे मूठ कुठली बसेल ते कळतं. मग बाक, म्हणजे वळण. क्रोमचा चकचकीत मुलामा सगळ्यात शेवटी. तू नेमका शेपटीकडून सुरू झालास."

"तुम्ही गिऱ्हाइकांशी नेहमी असंच बोलता का?"

"नाही. आज जरा बरी आहे मी."

गृहस्थ निघून गेला. व्हर्लीनला त्याचं काही वाटलं नाही. डोळे मिटून नुसता अंगठा फिरवून दांडी कुठल्या गिअरबॉक्सची, कुठल्या सालाची आणि कुणाच्या भट्टीतली हे सांगणारी बाई त्या सगळ्या खोऱ्यात एकच होती. हे तिला ठाऊक होतं आणि गिऱ्हाइकांनाही. ती स्वतः आता दांड्या वाकवत नसे. मोडलेल्या गाड्यांतून, भंगारातून वेचून आणायची, ओळखायची आणि विकायची.

हे ओळखणं तिच्याकडे बापाकडून आलं होतं. ऑर्व्हल टीग ऑइलडेलमध्ये घरामागच्या पत्र्याच्या शेडमध्ये दांड्या बनवायचा. चांगल्या पोलादाची पट्टी भट्टीत लाल करायची, व्हाईसच्या लोखंडी जबड्यात धरून वाकवायची आणि राखेच्या पिंपात खोल पुरून ठेवायची. राखेत ती अर्धा दिवस निवायची. "घाईने थंड केलेलं पोलाद आणि घाईने लावलेलं लग्न," ऑर्व्हल म्हणायचा, "आज दिसत नाही, पण फुटतं." साठच्या दशकात फ्रेझ्नोपासून खालपर्यंत शर्यतीतल्या निम्म्या गाड्यांत टीगची दांडी होती.

मग अडुसष्ट साल उजाडलं. डोंगरापलीकडे वाळवंटात एक कोरडं तळं आहे, तिथे वेगाच्या शर्यती होत. डॉर्सी प्रुइट तेव्हा तिशीतला, देखणा आणि निर्भय होता. त्याची बत्तीस सालची बिनटपाची फोर्ड दुसऱ्या गिअरमधून तिसऱ्यात जाताना दांडी बाकाशी मोडून त्याच्या हातात आली. हाताला हिसका बसला, स्टिअरिंग फिरलं, गाडी तीन कोलांट्या खाऊन उताणी पडली. डॉर्सीचा उजवा पाय तीन ठिकाणी मोडला आणि नंतर तो चार बोटं आखूडच राहिला. तो शर्यतीला पुन्हा बसला नाही. त्याने एकच काम केलं. भेटेल त्याला सांगितलं, की टीगची दांडी हातात मोडते.

वर्षभरात ऑर्व्हलची भट्टी विझली. पुढे तेलाच्या विहिरींवर पाइप जोडत त्याने दिवस काढले आणि त्र्याऐंशी साली तो गेला. शेवटपर्यंत त्या विषयावर तो बोलला नाही. बोलायची ती व्हर्लीन. तिचं म्हणणं सोपं होतं. बापाच्या दांड्यांच्या नकला तेव्हा गल्लोगल्ली मिळत होत्या. प्रुइटने नक्कल घेतली, तोंडावर पडला आणि बिल बापाच्या नावावर फाडलं. दांडी दाखव म्हटलं की तो म्हणे, ती गाडीबरोबर गोठ्यात गवताखाली पडलीय, मला ती पुन्हा बघायची नाही. मग ती म्हणे, बघा, खरं असतं तर दाखवली नसती का?

त्या रविवारी, साडेदहाच्या सुमाराला, ती दांडी आली.

मार्टिन एचेव्हेरी नावाच्या माणसाने ती आणली. हा बास्क वंशाच्या, स्थलांतर करून आलेल्या मेंढपाळांच्या घरातला, चाळिशीचा, मऊ बोलणारा, कर्न काउंटीत बदामाच्या बागा असलेला. प्रुइटची ती चेपलेली गाडी त्याने हिवाळ्यात विकत घेतली होती आणि होती तशी पुन्हा उभी करायची असं त्याच्या मनात होतं. त्याने पोत्याच्या तुकड्यात गुंडाळलेले दोन तुकडे टेबलावर ठेवले. एक वीतभर लांब, एक त्याहून आखूड.

"मिस टीग, अशीच दुसरी मिळवून द्याल का? पण त्याआधी एक विचारायचंय. डॉर्सी म्हणतो ही तुमच्या वडिलांची. तुम्ही म्हणता नाही. मला गाडीत खरी तीच बसवायचीय. ही कुणाची आहे, तेवढं एकदा सांगून टाका."

"मी सांगितलेलं त्याला चालणार आहे का?"

"मी आलोय ना ऐकायला," मागून आवाज आला.

डॉर्सी प्रुइट काठी टेकत चार ओळी ओलांडून आला होता. एकसष्ट-बासष्टचा, अजून खांदे रुंद, पण पाय ओढत चालणारा. त्याच्यामागे पाच-सात रिकामटेकडे होतेच. शेजारच्या टेबलावर कार्ब्युरेटर विकणारं म्हातारं जोडपं सँडविच खाली ठेवून उभं राहिलं.

"बोल, ऑर्व्हलची पोर," डॉर्सी म्हणाला. "डोळे मिटून ओळखतेस म्हणे. मीट आणि ओळख."

"तुला बघण्यापेक्षा डोळे मिटलेले केव्हाही बरे."

"तुझ्या बापाने स्वतः माझ्यापुढे कबूल केलं होतं. इस्पितळात."

"मेलेला माणूस उठून नाही म्हणणार नाही, म्हणून त्याच्या तोंडी शब्द घालतोस? लाज नाही वाटत?"

"तो जिवंत होता तेव्हाही मी हेच सांगत होतो! आणि त्याने कधी नाही म्हटलं? विचारलंस कधी त्याला?"

व्हर्लीनने टोपी मागे सारली, लांब तुकडा डाव्या हातात घेतला आणि खरोखरच डोळे मिटले. खालची भोकं बरोबर होती. वरचे आटे बारीक, शेवटचे दोन कानशीने मोडलेले. बापाची पद्धत. अंगठा बाकाकडे सरकला. क्रोम तिथे पोपडे धरून उडालं होतं. ऑर्व्हलच्या व्हाईसच्या एका जबड्याचा कोपरा उडालेला होता आणि त्याचा गव्हाच्या दाण्याएवढा खोल ओरखडा प्रत्येक दांडीवर उमटायचा. तो कानशीने काढता आला असता, पण ऑर्व्हल काढत नसे. म्हणायचा, ती माझी सही. ती सही नेहमी ड्रायव्हरच्या बाजूला असे.

या दांडीवर ती दुसऱ्या बाजूला होती.

तिने डोळे उघडले. मग मोडलेलं तोंड उन्हात धरलं. अर्धं तोंड खडबडीत, गंजलेलं. पण एका कडेला नखाएवढी चंद्रकोर होती आणि त्या कोरीत मुलामा उतरलेला होता, गुळगुळीत, निळसर. म्हणजे क्रोम चढायच्या आधीच तिथे तडा होता.

"ही माझ्या बापाच्या हातची नाही," ती मोठ्याने म्हणाली.

"खोटं!"

"ये, बघ. ये की जवळ. लंगडा आहेस, आंधळा नाहीस." तिने टेबलाखालच्या पेटीतून बापाची एक जुनी दांडी काढून शेजारी ठेवली. "ही त्याची. ओरखडा कुठे आहे? ड्रायव्हरच्या बाजूला. तुझी बघ. उलट्या अंगाला. नक्कल करणाऱ्याला ओरखडा दिसला, पण कुठल्या बाजूला करायचा ते कळलं नाही. आणि हे तोंड बघ, मार्टिन. क्रोमच्या आधीचा तडा आहे हा. लालभडक पोलाद कुणीतरी पाण्यात बुडवलंय. माझा बाप राखेत निववायचा. आयुष्यात एक दांडी त्याने पाण्यात घातली नाही. ही कुठल्या तरी धांदरटाची, अडाण्याची करणी आहे. आणि या माणसाने त्या अडाण्याचं पाप एकतीस वर्षं ऑर्व्हल टीगच्या माथी मारलं!"

दांड्या हातोहात फिरल्या. प्रत्येकाने अंगठा फिरवून पाहिला. कार्ब्युरेटरवाला म्हातारा म्हणाला, "बाई बरोबर बोलतेय, डॉर्सी." कुणीतरी हसलं. डॉर्सीचा चेहरा आधी लाल झाला, मग राखेसारखा. त्याने दोन्ही दांड्या हातात घेऊन पाहिल्या, पुन्हा पाहिल्या.

"तो म्हणाला होता," एवढंच तो शेवटी म्हणाला. "त्याने हातात घेऊन बघितली आणि म्हणाला."

"जा," व्हर्लीन म्हणाली. "जाऊन तुझे भंगार बंपर विक. आणि आता कुणी विचारलं तर काय सांगायचं ते नीट ठरवून ठेव."

तो गेला. त्याच्या पाठीवर माणसं हसत होती आणि व्हर्लीनने त्यांना हसू दिलं. इतकी वर्षं मनात घोळवलेली घटका होती ती. तिला वाटायचं, या दिवशी आपण रडू. पण तिला नुसती भूक लागली. तिने टेबलाखालचा डबा काढला.

मार्टिन एचेव्हेरी अजून तिथेच होता. तुकडे पोत्यात गुंडाळता गुंडाळता थांबला होता.

"मिस टीग, एक कळलं नाही मला. हा ओरखडा व्हाईसच्या मोडक्या कोपऱ्याचा ना?"

"हो."

"मग नक्कल करणाऱ्याच्या व्हाईसचा कोपराही तसाच मोडला होता? दोन्ही ओरखडे मी एकावर एक धरून बघितले. तंतोतंत आहेत. हा बारका दातसुद्धा."

"मुद्दाम कोरला असेल," व्हर्लीन म्हणाली.

"असेल," तो म्हणाला. त्याचं समाधान झालं. "तुकडे राहू देत तुमच्याकडे. मी जेवून येतो, मग मापं ठरवू."

तो गेला आणि व्हर्लीनच्या हातातला घास हातातच राहिला.

ती डावरी होती. शाळेत त्यासाठी मार खाल्लेली, तरी डावरीच राहिलेली. अडुसष्टच्या जुलैत इंजिन उचलायची साखळी सुटून बापाचं उजवं मनगट मोडलं होतं. तीन आठवडे हात गळ्यात. मागण्या तर तुंबलेल्या. तेव्हा एकोणीस वर्षांची व्हर्लीन भट्टीवर उभी राहिली होती. बाप स्टुलावर बसून सांगायचा, ती वाकवायची. हातोडा डाव्या हातात, म्हणून ती व्हाईसच्या पलीकडच्या अंगाला उभी राहायची आणि पट्टी उलटी धरायची. तीस-पस्तीस दांड्या केल्या असतील. त्यांतली एकही पुन्हा तिच्या हाताखालून गेली नव्हती. त्यांचा ओरखडा कुठल्या बाजूला पडला असेल याचा तिने कधी विचारच केला नव्हता. बापाची सही ती बापाच्याच दांड्यांवर शिकली होती.

आणि मग तो गुरुवार. एकदा आठवायला लागल्यावर तो थांबेना. क्रोमवाल्याची गाडी फक्त गुरुवारी यायची. बाप डॉक्टरकडे गेला होता. गाडी दारात येऊन उभी, भोंगा वाजवतेय, पाच दांड्या राखेतून काढून दिलेल्या आणि सहावी अजून लाल. क्रोमवाला ओरडला, "देतेस की जाऊ? पुढचा गुरुवार मग!" तिने चिमट्याने ती उचलली आणि हात धुवायच्या टबात घातली. चर्र झालं, पांढरी वाफ उठली. तिला तो आवाज आवडला होता, हेही तिला आता आठवलं. दांडी पोत्याने पुसून, अजून कोमट असतानाच, तिने गाडीत टाकली. बापाला सांगितलं नाही. सांगायला विसरली असंही नाही. रागावेल म्हणून सांगितलं नाही. मग दिवस गेले आणि ते काही सांगण्यासारखं उरलंच नाही.

टेबलावरचा लांब तुकडा तिने पुन्हा हातात घेतला. धांदरटाची, अडाण्याची करणी. शब्द तिचेच होते.

ती काही चांगल्या मनाची बाई नव्हती आणि पुढचा पाऊण तास तिने स्वतःला निर्दोष ठरवण्यातच घालवला. पाच होत्या, सहावी हीच कशावरून? आपण सांगितलं ते अक्षर न्‌ अक्षर खरं आहे. बापाच्या हातची नाही म्हणजे नाही. प्रुइटचा पाय काही आता लांब होणार नाही. बापाचं नाव आज इतक्या वर्षांनी धुऊन निघालं, ते पुन्हा चिखलात कशाला? आणि बघायला गेलं तर ज्याच्यावर खापर फुटलं तो अडाणी निनावीच होता. तो तसाच निनावी राहिला तर कुणाचं काय बिघडतं?

पण एक गोष्ट तिच्या घशाखाली उतरेना. त्याने हातात घेऊन बघितली आणि म्हणाला. डोळे मिटून दांडी ओळखायला तिला ज्याने शिकवलं, त्याला ओरखड्याची बाजू दिसली नसेल?

तिने डबा मिटला. दोन्ही तुकडे उचलून ती चार ओळी चालत गेली. इतक्या वर्षांत त्या बाजूला तिचं पाऊल पडलं नव्हतं. भाजलेल्या मांसाच्या गाड्यापुढे रांग होती, माणसं कागदी ताटल्या घेऊन उभी होती. प्रुइटच्या टेबलाजवळही चौघं-पाच जण त्याला चिडवायला थांबलेले होते.

तो घडीच्या खुर्चीत बसला होता. तिला बघून त्याने काठी पकडली.

"आता काय? नाचायला आलीस?"

"तो इस्पितळात आला होता?"

"चालती हो."

"काय म्हणाला ते सांग. सगळं सांग. मग जाते."

डॉर्सीने तिच्याकडे रोखून पाहिलं. तिच्या चेहऱ्यावर असं काहीतरी असावं, की शिवी त्याच्या ओठांवर आली आणि तिथेच राहिली.

"माझ्या बायकोने मोडकी दांडी उशाशी आणून ठेवली होती," तो म्हणाला. "तुझा बाप आला. टोपी हातात. ती दांडी घेऊन खिडकीपाशी गेला. अंगठा फिरवत राहिला, फिरवत राहिला. मला वाटलं आता म्हणेल, माझी नाही. म्हटला असता तर मी त्याचं ऐकलं असतं, एवढा मान होता तेव्हा मला त्याचा. मग परत आला आणि म्हणाला, 'माझी आहे, डॉर्सी. माझ्या भट्टीतली. माझ्याकडून झालं.' वर आणखी म्हणाला, 'हवं त्याला सांग, पण घरी येऊन माझ्या पोरीसमोर बोलू नकोस.' मी म्हटलं, का, तिच्यापुढे साधू म्हणून मिरवायचंय का? तो टोपी घालून गेला."

व्हर्लीन बोलली ती मोठ्याने, कारण हळू बोलली असती तर आवाज फुटला असता.

"ती मी केलेली आहे."

"काय?"

"दांडी. बापाचा हात मोडला होता तेव्हा. मी डावरी, म्हणून ओरखडा उलटा. आणि पाण्यात मीच घातली. गाडी दारात थांबली होती म्हणून. तो घरी नव्हता."

रांगेतली माणसं वळून बघायला लागली. मार्टिन एचेव्हेरी ताटली हातात धरून रांगेतून बाहेर आला. कुणीतरी विचारलं, काय म्हणतेय? आणि दुसऱ्या कुणीतरी त्याला सांगितलं.

डॉर्सी काठीवर भार देऊन उठला. सावकाश, पायाचा हिशेब करत. तो तिच्या इतका जवळ आला, की त्याच्या श्वासातली कॉफी तिला जाणवली.

"तासाभरापूर्वी तू मला सगळ्या बाजारात खोटारडा ठरवलंस."

"हो."

"आणि तेव्हा तुला माहीत होतं?"

"नाही. पंधरा मिनिटांनी कळलं."

"मग पाऊण तास काय करत होतीस?"

"येऊ नये असं ठरवत होते."

त्याने मान हलवली, जणू हे एकच वाक्य त्याला पटलं.

"एकतीस वर्षं मी त्या म्हाताऱ्याला शिव्या घातल्या," तो म्हणाला. "रस्त्यात दिसला की थुंकायचो. त्याच्या मयताला गेलो नाही, उलट त्या दिवशी बिअर आणून प्यायलो. आणि तू आता येऊन सांगतेस तो निर्दोष होता? हे घेऊन मी काय करू? सांग ना! कुठे ठेवू हे?"

"मला माहीत नाही."

"माफी मागायला आलीयेस?"

"मागितली तर देशील?"

"नाही."

"मग कशाला मागू?"

"मागायची पद्धत असते म्हणून, टवळे!" त्याने काठी टेबलावर इतक्या जोरात आपटली, की दोन आरसे खाली पडून फुटले. कुणी उचलायला वाकलं नाही. व्हर्लीनचा चेहरा दगडासारखा झाला होता. पण ती म्हणाली.

"तुझा पाय माझ्यामुळे गेला. चुकलं माझं."

"हां," डॉर्सी म्हणाला. "ऐकलं. देत नाही."

मार्टिन पुढे झाला. "डॉर्सी, मिस टीग, माझं ऐका. झालं ते झालं. मी म्हणतो, त्यांनीच गाडीसाठी नवी दांडी शोधून..."

"तिच्या हाताची एक सुई जरी त्या गाडीत गेली," डॉर्सी म्हणाला, "तर मी स्वतः येऊन ती गाडी पेटवीन."

"गाडी आता माझी आहे."

"आणि पाय माझा आहे."

व्हर्लीनने दोन्ही तुकडे मार्टिनच्या हातात दिले. खालच्या भोकांमधलं अंतर सांगितलं, आट्यांचं माप सांगितलं, बाक किती इंच पुढे आणि किती वर तेही सांगितलं. "सॅक्रमेंटोकडे एक म्हातारा आहे, तो अजून भट्टीवर वाकवतो. त्याला हे तोंडपाठ म्हणून दाखव. माझं नाव सांगू नकोस." मग ती डॉर्सीकडे वळली. "आणखी काही?"

"पुढच्या महिन्यात इथे तोंड दाखवू नकोस."

"दाखवणार."

"मग मी येणाऱ्या प्रत्येकाला सांगेन."

"सांग. पण या वेळी नाव नीट सांग."

ती परत आपल्या टेबलाशी गेली. कार्ब्युरेटरवाल्या जोडप्याने तिच्याकडे बघितलं नाही. म्हाताऱ्याने मघाशी तिची बाजू घेतली होती. आता तो स्वतःवरच चिडल्यासारखा एक स्क्रू घट्ट करत बसला होता. दुपारी चारपर्यंत तिच्याकडे एकच माणूस आला, तोही वाट विचारायला. तिने टेबल आवरलं, पण सगळ्यांच्या शेवटी. आधी गेली असती तर पळाली असं झालं असतं. बापाची ती जुनी दांडी तिने गाडीत शेजारच्या सीटवर ठेवली आणि ऑइलडेलपर्यंत तिच्याकडे बघितलं नाही. घरामागच्या शेडपाशी गाडी उभी केल्यावर मात्र तिला उतरता येईना. त्या शेडमध्ये बापाने पुढे पंधरा वर्षं तिच्याबरोबर बसून कॉफी घेतली होती, आणि ती प्रत्येक वेळी प्रुइटच्या नावाने बोटं मोडायची. तो ऐकून घ्यायचा. कधी कधी म्हणायचा, "जाऊ दे, व्हर्ल." तिला वाटायचं, बाप भित्रा आहे.

मे महिन्याच्या दुसऱ्या रविवारी ती गेली. डॉर्सी प्रुइटने जागा बदलून घेतली होती. आता तो बरोबर तिच्या समोर बसला होता, दहा पावलांवर. पहिलं गिऱ्हाईक तिच्या टेबलाशी थांबलं, तसा तो खुर्चीतूनच ओरडला.

"ओ पाहुणे! हा पाय बघितलात? हा या बाईने मोडला. व्हर्लीन टीगने. व्हर्लीन. तिच्या बापाने नाही, त्याला कुणी मध्ये आणू नका."

गिऱ्हाईक गोंधळून तिच्याकडे बघायला लागलं.

"खरंय ते," व्हर्लीन म्हणाली. "गिअरबॉक्स कुठला आहे?"